चार महिने सरासरी बिल, पाचव्या महिन्यात बाबांच्या पेन्शनमधून १३,७४० रुपये एकदम

गोरेगावची_लेक
७ एप्रिल, रात्री ११:४०

लांबलचक होणार आहे, आधीच सांगते. अर्धवट लिहिलं की सल्लेही अर्धवट मिळतात, म्हणून सगळंच लिहिते.

बाबा ८१ वर्षांचे. पार्ल्यात, पूर्वेला, आमच्या जुन्या घरी राहतात. सोबतीला चोवीस तासांच्या मावशी आहेत. मी गोरेगावला. ऑफिस सुटलं की आधी पार्ल्याला उतरते, बाबांचं बघते आणि मग पुढची लोकल पकडते. दिवाळीच्या तोंडावर बाबांची छाती भरली, अकरा दिवस हॉस्पिटलात होते आणि घरी आले ते ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घेऊनच. भाड्याचं मशीन आहे. कॉटच्या पायथ्याशी बसतं, रात्रभर घरघरतं आणि दर काही सेकंदांनी उसासा टाकल्यासारखा आवाज करतं. रात्रभर आणि दुपारी जेवल्यावर, असं दिवसाला चौदा तास तरी चालतं.

बाबांचं लाइट बिल त्यांच्या पेन्शनच्या खात्यातून आपोआप जातं. हा शहाणपणा माझाच. २०२२ मध्ये मीच फॉर्म भरला, कारण बाबा काठी टेकत बिल भरायला जायचे आणि येताना भाजी आणायच्या नावाखाली रस्ता ओलांडायचे. कागदी फॉर्म होता. बाबांचा हात थरथरतो, त्यामुळे सही जुळत नाही म्हणून दोनदा परत आला. त्यात ‘कमाल रक्कम’ अशी एक चौकट होती. किती टाकू म्हणून विचारलं, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘मोठा आकडा टाका मॅडम, नंतर कटकट नको.’ मी पंधरा हजार टाकले. बाबांचं बिल तेव्हा हजार-बाराशेच्या वर कधी गेलं नव्हतं.

नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, चारही महिने पासबुकात बाराशेच्या आतबाहेरच रक्कम. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. मशीन वाटलं तेवढं लाइट खात नाही, असं मी भावाला फोनवर सांगितलंसुद्धा.

४ एप्रिलला खात्यातून १३,७४० रुपये गेले. त्या दिवशी खात्यात होते १५,२१२. उरले १,४७२. दुसऱ्या दिवशी मेडिक्लेमचा मासिक हप्ता होता, ६,२४० चा. तो परत गेला आणि बँकेने वर ५९० रुपये कापले. मला हे कळलं सहा तारखेला, पासबुक मशीनमध्ये घातल्यावर. बिलाचे मेसेज बाबांच्या जुन्या बटणाच्या फोनवर येतात आणि तो फोन चार्जरसकट देवाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये असतो. त्यात एकशे तीस न वाचलेले मेसेज होते.

मग बिलं शोधली. मावशींनी सगळी नीट चपलांच्या कपाटात ठेवलेली. पहिल्या चारही बिलांवर १४८ युनिट. चारही! आणि खाली बारीक अक्षरात ‘सरासरी’. पाचव्यावर एकदम १,०४८ युनिट.

आता मीटर रूमची गोष्ट. ऑक्टोबरमध्ये बिल्डिंगला रंग लागला. कॉन्ट्रॅक्टरने रंगाचे डबे मीटर रूममध्ये ठेवले, म्हणून सेक्रेटरींनी नवीन कुलूप घातलं. किल्ली त्यांच्या घरी. ते सकाळी आठला जातात, रात्री नऊला येतात, आणि त्यांच्याकडे दुसरं कोणी नसतं. रीडिंगवाला येऊन गेला असणार, कुलूप बघून गेला असणार. काल रात्री किल्ली मागून टॉर्च घेऊन गेले, तर बाबांच्या मीटरच्या काचेवर क्रीम रंगाचे शिंतोडे, आकडे अर्धे झाकलेले. म्हणजे आत शिरला असता तरी त्याला काय दिसलं असतं, देव जाणे. मी नखाने खरवडून वाचलं.

मला समजून घ्यायचंय ते असं. मीटर पळतोय का? चार महिने अंदाजाने बिल लावून पाचव्यात सगळं एका दमात वसूल करणं चालतं का? आणि एवढी रक्कम न विचारता खात्यातून जाते कशी? कंपनीचं नाव लिहीत नाही, मला भांडण नकोय, पैशाचा हिशेब हवाय.

वडापाव_विश्लेषक
८ एप्रिल, सकाळी ७:५५

तीन महिन्यांपेक्षा जुने युनिट मागताच येत नाहीत. भरू नका. आणि ऑटो डेबिट बंद करा आधी, घराची किल्ली दुसऱ्याच्या खिशात ठेवून झोपता कसे लोक?

गोरेगावची_लेक
८ एप्रिल, सकाळी ८:१०

भरू नका काय, गेलेत ना पैसे! आणि किल्लीचं म्हणाल तर ती सेक्रेटरींच्या खिशात आहे, हाच तर घोळ आहे.

जुना_मीटरवाला
८ एप्रिल, दुपारी १:२०

ताई, मी ३४ वर्षं वीजपुरवठ्याच्या बिलिंग खात्यात काढली, २०१९ ला निवृत्त झालो. कोणत्या संस्थेत ते मीही लिहीत नाही.

तीन महिन्यांचं जे वर लिहिलंय ते मीटर सदोष निघाला तर होणाऱ्या दुरुस्तीचं. इथे मीटर चांगला आहे, वाचला गेला नाही एवढंच. दोन्ही गोष्टींची नेहमी गल्लत होते.

आधी मीटर पळतो का ते बघू. पाचही बिलं समोर ठेवा. पहिल्या बिलावरचं मागील रीडिंग आणि पाचव्यावरचं चालू रीडिंग एवढे दोनच आकडे मला द्या. मधले विसरा, ते कोणी पाहिलेलेच नाहीत. आणि मशीनच्या मागे स्टिकर असेल, त्यावर वॅट किती लिहिलेत तेही सांगा.

आणि हो, काचेला थिनर लावू नका. धुरकट होते, मग कायमचाच ताप. ओल्या फडक्याने पुसा. सीलला बोटही लावू नका.

गोरेगावची_लेक
८ एप्रिल, रात्री ९:३५

पहिलं २८,४१७. शेवटचं ३०,०५७. मशीन ३५० वॅट. थिनरची बाटली हातात होती तेवढ्यात तुमचा मेसेज वाचला!

जुना_मीटरवाला
८ एप्रिल, रात्री १०:५०

छान. ३०,०५७ वजा २८,४१७, म्हणजे पाच महिन्यांत १,६४० युनिट. महिन्याला ३२८.

आता मशीन. ३५० वॅट चौदा तास म्हणजे दिवसाला ४.९ युनिट, महिन्याला १४७. तुमचा जुना वापर १४८ होता. बेरीज २९५. उरलेले तेहतीस गिझरचे असतील. माणूस आजारी, मावशी अंग पुसायला गरम पाणी घेणारच. मीटर पळत नाही हो, तंतोतंत चालतोय. सरासरी मात्र दिवाळीच्या आधीच्या महिन्यांवरून काढली, तेव्हा मशीन घरात नव्हतं. कंपनीच्या कॉम्प्युटरला तुमच्या बाबांची छाती कुठे माहीत?

हेच २०२० मध्ये सगळ्या महाराष्ट्रात झालं. २५ मार्चला लॉकडाउन लागला, रीडिंग बंद पडलं आणि बिलं निघाली ती डिसेंबर-जानेवारी-फेब्रुवारीच्या सरासरीवर. थंडीचे महिने. लोक मात्र एप्रिल-मेच्या उकाड्यात दिवसभर घरात, पंखे आणि एसी चालू. जूनमध्ये खरं रीडिंग झालं आणि जो काही हलकल्लोळ झाला तो आठवत असेल. मी निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, तरी सोसायटीतली माणसं बिलं घेऊन माझ्या दारात, मास्क लावून, सहा फुटांवर.

तुमच्या बिलात खरी मेख आहे ती स्लॅबमध्ये. आपल्याकडे घरगुती दर चढता असतो : पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग, ३०१ ते ५०० आणखी महाग आणि ५०० च्या वर सगळ्यात महाग. तुम्हाला पाचव्या महिन्यात १,०४८ युनिट एकाच महिन्याचे म्हणून लावले असतील, तर त्यातले ५४८ युनिट सगळ्यात वरच्या दराने गेले. प्रत्यक्षात बाबांनी एकाही महिन्यात ५०० ओलांडले नाहीत. ३२८ प्रमाणे बघा : दर महिन्याला १०० पहिल्या दराने, २०० दुसऱ्या दराने, फक्त २८ तिसऱ्या दराने. पाच महिन्यांचे मिळून दुसऱ्या दरात हजार युनिट बसायला हवे होते. तुमच्या बिलांत बसले ३९२. म्हणजे ६०८ युनिट खालच्या पायरीवरून उचलून वर नेऊन ठेवले.

वापरलेल्या विजेचे पैसे द्यायचेच आहेत, त्यात वाद घालू नका, वेळ जाईल. वाद घाला तो पायऱ्यांवर. २०२० च्या त्या बिलांतही महावितरणने हेच समजावून सांगितलं होतं की युनिट महिन्यांवर वाटून मग स्लॅब लावलेत. तुमच्या पाचव्या बिलाच्या मागच्या बाजूला तक्ता असेल, त्यात ५०० च्या वरच्या ओळीत ५४८ आकडा आहे का, तेवढं बघून सांगा.

गोरेगावची_लेक
८ एप्रिल, रात्री ११:०५

आहे. ५४८. अगदी तोच. अंगावर काटा आला.

जुना_मीटरवाला
९ एप्रिल, सकाळी ६:४०

मग अर्ज करा. ‘बिल जास्त आलंय, कमी करा’ असं लिहाल तर ‘बिल बरोबर आहे’ असं उत्तर येईल. हे आम्ही वर्षानुवर्षं टाइप करत आलोय. असं लिहा : ‘अमुक ते अमुक पाच महिन्यांचे १,६४० युनिट प्रत्येक महिन्यावर समान वाटून, त्या त्या महिन्याच्या दराने स्लॅबनिहाय बिल दुरुस्त करून मिळावे आणि भरलेल्या रकमेतला फरक परत मिळावा.’ सोबत सीपीएल मागा. ग्राहकाचा खातेउतारा असतो तो. प्रत्येक महिन्याचं रीडिंग, रीडरचा शेरा, आकारणी, जमा, सगळं त्यात दिसतं. सीपीएल मागणाऱ्या माणसाशी काउंटरवर वेगळ्या आवाजात बोलतात, हा माझा अनुभव.

अर्जात एक नियमही लिहा. केंद्र सरकारचे वीज (ग्राहकांचे हक्क) नियम, २०२०, अधिसूचना ३१ डिसेंबर २०२० ची. त्यात एका आर्थिक वर्षात दोनपेक्षा जास्त अंदाजे बिलं काढू नयेत असं आहे. दोन बिलांच्या पुढे अंदाज चालू राहिला, तर आपत्तीसारखी परिस्थिती सोडून, खऱ्या रीडिंगचं बिल येईपर्यंत ग्राहक पैसे द्यायला नकार देऊ शकतो. तुम्हाला चार आली. मीटरपर्यंत पोचता येत नसेल तर ग्राहकाने मीटरचा तारखेसह फोटो मोबाइलवरून किंवा ईमेलने पाठवायची सोयही त्यातच आहे. म्हणजे किल्ली सेक्रेटरीकडे असो नाहीतर विठोबाकडे, तुमचा मार्ग खुला होता. आम्ही खात्यातल्यांनीच हे लोकांना कधी धड सांगितलं नाही, हेही कबूल करतो.

कार्यालयातून दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल. वीज कायदा २००३, कलम ४२, पोटकलम ५ आणि ६. वकील लागत नाही.

वडापाव_विश्लेषक
९ एप्रिल, सकाळी ९:१५

काका, मग दोन वर्षांचं काय असतं? माझ्या मेहुण्याला सांगितलं होतं की जुनी थकबाकी बाद होते.

जुना_मीटरवाला
९ एप्रिल, सकाळी ११:३०

त्याच वीज कायद्याचं कलम ५६(२). रक्कम पहिल्यांदा देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर वसूल करता येत नाही, सतत बिलात थकबाकी म्हणून दाखवली असेल तर गोष्ट वेगळी. पण ‘देय झाली’ म्हणजे वीज वापरली तेव्हा नव्हे, बिल काढलं तेव्हा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अजमेरच्या एका प्रकरणात सांगितलं. दोन वर्षांनंतर वीज तोडता येत नाही, दुसऱ्या कायदेशीर मार्गाने वसुली करता येते, असंही त्यातच आहे. मेहुण्यांना फार आनंदी होऊ नका म्हणावं.

ताईंच्या प्रकरणाशी त्याचा संबंध नाही, पाच महिन्यांचाच मामला आहे. पण त्याच कलमाचं पहिलं पोटकलम लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. बिलावर वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यातली जी कमी ती ‘निषेध नोंदवून’ भरली की वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. घरात ऑक्सिजनचं मशीन असलेल्या माणसाला हे पाठ हवं. तुम्हाला ती संधी मिळालीच नाही, कारण तुम्ही बिल उघडायच्या आधी पैसे गेले.

काउंटर_नंबर_तीन
९ एप्रिल, रात्री ८:४५

बँकेत आहे. ‘मोठा आकडा टाका मॅडम’ म्हणणारा मी नव्हे, पण आमच्यातलाच कोणीतरी, त्यामुळे जरा खजील होऊन लिहितोय.

सगळ्यात आधी : मेडिक्लेमचा हप्ता उद्याच्या उद्या भरा. मासिक हप्त्याला सवलतीचे १५ दिवस असतात. ५ तारखेचा आहे म्हणजे २० च्या आत. बाबांच्या वयात पॉलिसी तुटली तर नवीन कोणी देणार नाही. बाकी सगळं नंतर.

आता पैसे न विचारता कसे गेले. आपोआप पैसे जाण्याचे दोन-तीन रस्ते आहेत आणि लोक सगळ्यांना ‘ऑटो डेबिट’ म्हणतात. कार्डावर किंवा युपीआयवर लावलेलं असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे जायच्या किमान २४ तास आधी मेसेज यावा लागतो आणि त्यातून तुम्ही तो व्यवहार थांबवू शकता. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे कडक झालं. बऱ्याच ओटीटीवाल्यांचे पैसे अडकले होते तेव्हा, आठवत असेल. ओटीपीशिवाय जाऊ शकणारी रक्कम आधी ५,००० होती, जून २०२२ मध्ये १५,००० केली.

तुमचं मात्र कागदी, सहीचं. ते नॅच. जुन्या ईसीएसच्या जागी आलेली, युपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयची व्यवस्था. आम्ही शाखेत त्याला ‘नाच’च म्हणतो, आणि ग्राहक काउंटरवर येतो तेव्हा नाचतोच. यात बँक बघते काय, तर मँडेट, म्हणजे पैसे उचलायची तुम्ही सही करून दिलेली परवानगी, जिवंत आहे का, खातं तेच आहे का, रक्कम कमाल मर्यादेच्या आत आहे का आणि शिल्लक आहे का. बिल किती युनिटचं, अंदाजाचं की खरं, हे बँकेला दिसतच नाही. १३,७४० पंधरा हजारांच्या आत बसले, गेले. १५,००१ असते तर परत फिरले असते. कार्डासारखा आदल्या दिवशीचा मेसेज यात धरून चालू नका. बिल निघाल्याचा कंपनीचा मेसेज हीच तुमची सूचना, आणि तो ड्रॉवरमध्ये पडला होता.

५९० म्हणजे ५०० दंड आणि १८ टक्के जीएसटीचे ९०. शाखा व्यवस्थापकाला अर्ज द्या. पेन्शनर आहेत, पहिलीच वेळ आहे, बहुतेक परत मिळतील. हक्क म्हणून मागू नका, विनंती म्हणून मागा. पण वारंवार होऊ देऊ नका. शिल्लक नाही म्हणून मँडेट परत जाणं हे पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ खाली चेक न वटल्यासारखंच धरतात.

मँडेट रद्द करून नवीन लावा, कमाल रक्कम नेहमीच्या बिलाच्या दीडपट ठेवा. बाबांचं खरं बिल आता ३२८ युनिटचं आहे, जुना बाराशेचा हिशेब डोक्यातून काढून टाका. आणि बिलाचा मोबाइल नंबर बदला!

गोरेगावची_लेक
९ एप्रिल, रात्री १०:२०

हप्ता आत्ताच ऑनलाइन भरला, माझ्या खात्यातून. मला वाटलं होतं महिनाभर चालतं. तुमचे उपकार कसे फेडू.

मँडेट रद्द करायचं म्हणजे पुन्हा बाबांची सही. अंगठा चालेल का विचारलं तर बाबा ऐकायला तयार नाहीत. पस्तीस वर्षं रेल्वेत कारकुनी केली, अंगठा देणार नाही म्हणाले. मशीन बंद करून, नळी बाजूला करून, टेबलाशी बसून सराव करतायत. वहीचं एक पान भरलंय सह्यांनी.

लेस्टर_रिटर्न
१० एप्रिल, पहाटे १:१५

मी नऊ वर्षं इंग्लंडमध्ये लेस्टरला होतो, आता परत विलेपार्ल्यातच. तुमच्या शेजारच्या गल्लीत निघालो तर नवल नाही.

तिकडे हा अंदाज आणि आपोआप कपात यांचा संसारच आहे, अपवाद नव्हे. बहुतेक घरं दर महिन्याला ठरावीक रक्कम देतात. कंपनी वर्षभरात तुम्ही किती वीज आणि गॅस वापराल याचा अंदाज बांधते, त्याला बाराने भागते आणि तेवढे पौंड दरमहा बँकेतून उचलते. उन्हाळ्यात तुमचे पैसे साठतात, थंडीत हीटिंगमध्ये जळून जातात. सरासरी घर म्हणजे वर्षाला २,७०० युनिट वीज आणि ११,५०० युनिट गॅस, असा तिथल्या नियामकाचा, ऑफजेमचा २०२३ मधला ठोकताळा होता. आपल्याकडच्यांना गॅस युनिटमध्ये मोजतात याचंच आधी आश्चर्य वाटतं.

मी नोव्हेंबरमध्ये घर बदललं. आधीच्या भाडेकरूच्या वापरावरून माझा महिना ठरवला. तो बहुधा खिडक्या उघड्या ठेवून हीटर लावत असावा. १७१ पौंड! माझे आधीच्या घरी ९६ जायचे. बिलावर रीडिंगच्या पुढे अक्षर असतं, ते अंदाजाचं की खरं हे सांगणारं. मी ते अक्षर वाचायलाच शिकलो नव्हतो. ऑगस्टमध्ये बघतो तर माझे ६४० पौंड कंपनीकडे पडून. मीटरचा फोटो काढून पाठवला, पैसे परत मागितले, तीन फोन लागले, आले.

दोन गोष्टी तिथल्या आवडल्या. मे २०१८ पासून, कंपनीच्या चुकीने बिल लावायचं राहिलं असेल तर घरगुती ग्राहकाकडून बारा महिन्यांपेक्षा जुन्या वापराचे पैसे मागता येत नाहीत. आपली दोन वर्षं आणि त्यांचं एक वर्ष, शिवाय त्यांचं वर्ष वापरल्यापासून मोजतात. आणि चुकीची कपात झाली तर डायरेक्ट डेबिट गॅरंटीखाली बँक आधी पैसे परत करते, भांडण नंतर. काउंटर नंबर तीन, हे ऐकून तुमच्या शाखेत काय होईल?

काउंटर_नंबर_तीन
१० एप्रिल, सकाळी ९:५०

आमच्या शाखेत आधी चहा येईल.

जुना_मीटरवाला
१० एप्रिल, दुपारी १२:०५

भाडेकरूचा वापर डोक्यावर बसणं इथेही बघितलंय. बंद घराला सरासरी लागते तेव्हा उलटं होतं : माणूस अमेरिकेत, फ्रीजसुद्धा बंद, आणि बिल दरमहा दोनशे युनिटचं. तेव्हा रक्कम पुढच्या बिलांत वळती होते, पण पैसे मधल्या काळात गेलेले असतातच.

ताई, सेक्रेटरींच्या किल्लीचं काय झालं?

गोरेगावची_लेक
१९ मे, रात्री १०:१०

उशिरा लिहितेय, माफ करा. मध्ये बाबा पुन्हा चार दिवस ऍडमिट होते. आता घरी आहेत.

अर्ज केला, काकांनी सांगितला तसाच, शब्दसुद्धा तेच. काउंटरवरच्या बाईंनी आधी ‘बिल बरोबर आहे’ म्हटलं. (काका, हसू आलं मला, तुमची आठवण आली.) मी सीपीएल मागितला. त्या आत गेल्या, वीस मिनिटांनी एक साहेब आले, बसा म्हणाले. उताऱ्यात चारही महिन्यांपुढे रीडरचा शेरा होता : मीटर रूम बंद. पहिल्या महिन्याला वेळही होती, सकाळी ११:४२. म्हणजे तो बिचारा खरंच येऊन गेला होता. साहेबांनी नियमाचा कागद वाचला, दोन अंदाजी बिलांच्या मर्यादेबद्दल काही बोलले नाहीत, पण स्लॅब वाटून देतो म्हणाले. पंधरा दिवसांनी २,३१८ रुपयांचा फरक निघाला. रोख नाही, पुढच्या बिलात वजा. मंचाकडे जायचा विचार केला होता, पण तेवढ्यात बाबा ऍडमिट झाले आणि तो विषय तिथेच राहिला.

बँकेने ५९० परत केले. विनंती म्हणूनच मागितले.

नवीन मँडेटची कमाल रक्कम ५,००० ठेवली. सही पहिल्या फेरीत पास झाली! बाबांनी ती बातमी नाशिकला भावाला, डॉक्टरांना आणि इस्त्रीवाल्याला सांगितली.

सेक्रेटरींना मी रागाने काही बोलले नाही, आईशपथ. वॉचमनच्या केबिनमध्ये खिळा ठोकायला सांगितला, किल्ली आता तिथे असते, लाल लोकरीच्या तुकड्याला बांधून. रंगाचे डबे अजून आत आहेत. शेजारच्या शिंप्यांच्या दुकानाचीही चार महिने सरासरीच आली होती हे त्यांना तेव्हा कळलं, मी आमची बिलं दाखवल्यावर. त्यांच्या अर्जाचा मसुदा मीच लिहून दिला.

एप्रिलचं बिल आलं, माझ्या फोनवर. ३३४ युनिट, रीडिंगच्या फोटोसकट. फोटोत काच नीट पुसलेली दिसते, डाव्या कोपऱ्यात क्रीम रंगाचा एक ठिपका राहिलाय, आणि मधोमध स्वच्छ ३०,३९१. बाबांना मोठा करून दाखवला. चष्मा लावून बघितला आणि म्हणाले, ‘वजाबाकी करून बघितलीस का?’